लाकडाच्या ठोकळ्यात लढाई कशी मावते?

समजा, तुमच्या हातात लाकडाचा एक ठोकळा आहे. वीतभर उंच, वहीएवढा रुंद. आणि समजा, तुम्ही चांद्याला राहता. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात, नांद्याला लागून असलेलं हे गाव. इकडे भाताची खाचरं आणि थोडं पुढे गेलं की हिंजवडीच्या काचेच्या इमारती. आसपास इतकी बांधकामं चालू असतात की सुतारकाकांकडे असा उरलेला ठोकळा मागितला तर ते नाही म्हणणार नाहीत.

या ठोकळ्यात आपल्याला लढाई कोरायची आहे. फार मोठी नको. एक घोडा, त्यावर एक स्वार, स्वाराच्या हातात आडवा रोखलेला भाला. बस्स! कुठून सुरुवात कराल?

तुम्ही म्हणाल, आधी पेन्सिलीने चित्र काढू. पण लाकूड कोरणारा माणूस पेन्सिल नंतर घेतो. आधी तो ठोकळा हातात घेऊन वर-खाली, पुढे-मागे फिरवतो, डोळ्यांजवळ नेतो, त्यावरून अंगठा फिरवतो. तो शोधत असतो लाकडातले धागे.

लाकडात धागे? हो तर! ऊस सोलताना काय होतं ते आठवा. दातांत धरून ओढलं की साल उभीच्या उभी, लांबच लांब निघते. आडवी ओढून बघा बरं. नाहीच निघत. लाकडाचंही तसंच आहे. झाड जिवंत असताना मुळांनी शोषलेलं पाणी शेंड्यापर्यंत चढतं ते बारीक बारीक नळ्यांमधून. या नळ्या आणि त्यांच्या भोवतीचे लांबट तंतू म्हणजेच लाकूड. डोळ्यांना दिसणार नाहीत अशा हजारो बारीक काड्यांची एक जुडी करावी आणि ती डिंकाने घट्ट चिकटवावी, तसं. काड्यांना बळ देतं ते सेल्युलोज आणि डिंकाचं काम करतं ते लिग्निन. तुमच्या वहीचा कागद सेल्युलोजचाच असतो, म्हणजे ही काही परकी वस्तू नाही.

ही जुडी लांबीच्या दिशेने ओढून तोडायची म्हटलं तर पैलवानही दमेल. पण काड्या एकमेकींपासून सुट्या करायच्या असतील तर? मधला डिंक तेवढा सुटला पाहिजे. म्हणून तर सरपणाचा ओंडका उभा ठेवून कुऱ्हाड घातली की एका घावात दोन फाळ्या होतात आणि तोच ओंडका आडवा तोडायला घाम निघतो.

आता आपल्या लढाईकडे येऊ. ठोकळ्यातले धागे उभे आहेत. घोड्याचे चारही पाय उभे, म्हणजे पायांच्या लांबीभर धागे अखंड राहतील. पाय मजबूत! पण भाला? तो आडवा आहे. त्याच्या लांबीत एकही धागा टोकापासून टोकापर्यंत जात नाही. सगळे आडवे कापले गेलेले, नखाएवढे तुकडे, डिंकाने एकमेकांना धरून बसलेले. पटाशीचा जरा धक्का लागला, कट्, भाला गेला. बरं, मग ठोकळाच आडवा धरू. आता भाला भक्कम झाला, पण घोड्याचे पाय कच्चे झाले!

म्हणजे धागे कसेही धरा, लढाईत कुणीतरी मोडणारच. पैलवानाचा पुतळा करणाऱ्याला ही अडचण येत नाही, तो सरळ उभा असतो. गणपतीची मांडी, पोट, सोंड सगळं एकमेकांना धरून असतं. लढाईत मात्र तलवारी उगारलेल्या, हात फेकलेले, घोडे उधळलेले, सगळ्यांची तोंडं चार दिशांना. लाकडाला फक्त एकच दिशा ठाऊक असते. मला या कामातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. ज्या वस्तूचं सगळं बळ एका दिशेला आहे, तिच्यातून चहूकडे धावणारी गोष्ट काढायची!

कारागिरांनी हे कोडं सोडवलं आहे, तेही वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या तऱ्हांनी.

पहिलं उत्तर बघायला मेळघाटात जाऊ. अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत सागाची दाट जंगलं आहेत आणि तिथे कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीची बहीण नव्हे, की शेजारच्या गोंडीचीही नव्हे. तिचे नातलग पार झारखंडकडच्या संथाळी आणि मुंडारी भाषा. घरातलं माणूस गेलं की त्याच्या आठवणीसाठी कोरकू लोक लाकडाची एक कोरलेली फळी उभारतात. तिला म्हणतात मुंडा. तिच्यावर वर सूर्य आणि चंद्र असतात आणि खाली अनेकदा एक घोडेस्वार.

गेलेला माणूस शेतकरी असेल, जन्मात घोड्यावर बसलाही नसेल. पण आठवणीच्या फळीवर तो वीरासारखा घोड्यावर बसतो. लढाई न लढता मिळालेला हा लढवय्याचा मान. आपलं माणूस इतकं मोठं होतं हे सांगायला याहून सुंदर रीत मला तरी सुचत नाही.

आणि भाल्याचं कोडं? इथे घोडा फळीतून सुटा काढलेलाच नसतो. चित्राभोवतीचं लाकूड तेवढं खरवडून काढतात, चित्र वर उठून दिसतं, पण त्याची पाठ फळीला चिकटलेली राहते. याला उठावाचं काम म्हणतात. नाण्यावरचे सिंह हात लावून बघा, तेही उठावाचेच. उठावातला आडवा हात किंवा लगाम मोडेल कसा? त्याच्या मागे अख्खी फळी उभी आहे ना! शिवाय असे घोडे बुटके, पायांनी जाडजूड असतात. ‘याला घोडा काढता येत नाही वाटतं’ असं म्हणायची घाई करू नका. बारीक पाय लाकडात टिकत नाहीत, जाड टिकतात. सागाच्या धाग्यांनी सांगितलं आणि कारागिराने ऐकलं.

दुसरं उत्तर तळकोकणात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आला आहे. रंगवलेली चित्रं एकामागून एक दाखवायची आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारत गाऊन सांगायचं. चित्रांबरोबर त्यांच्याकडे चामड्याच्या बाहुल्या असतात, त्यांची सावली पडद्यावर नाचते. आणि असतात लाकडी कळसूत्री बाहुल्या. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी ही कला जपली, घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात राम-रावण राहायला आले, ही गोष्टच किती छान आहे!

या बाहुल्यांना युद्ध करायचं असतं, आणि तेही रोजचं. आज रावण मरतो, उद्या दुसऱ्या गावात पुन्हा उभा राहतो. एकाच लाकडातून उगारलेला हात कोरला तर किती दिवस टिकेल? म्हणून हात वेगळा कोरायचा आणि दोरीने जोडायचा. वेगळा कोरला की त्याचे धागे त्याच्या लांबीने घेता येतात, आणि वरून दोरी ओढली की हात खरंच वार करतो! घोड्याचे पाय आणि भाला यांचं भांडण मिटलं. प्रत्येकाला आपापल्या दिशेचं लाकूड.

बाहुली हलकी हवी, हे मात्र विसरून चालत नाही. रात्रभर खेळ करायचा म्हणजे हाताला किती कळ लागेल! कोकणातले कारागीर हलकं लाकूड चांगलं ओळखतात. जवळच्याच सावंतवाडीला चितारआळी आहे, तिथली लाकडी खेळणी आणि फळं प्रसिद्ध आहेत. ती पूर्वीपासून पांगाऱ्याच्या लाकडाची करत. पांगारा तुम्ही पाहिला असेल, होळीच्या सुमाराला पानं झडून लालभडक फुलांनी पेटतो तो, अंगावर काटे असलेला. हे झाड भराभर वाढतं. भराभर वाढणाऱ्या झाडाच्या लाकडात पोकळ जागा जास्त, वजन कमी, म्हणून ते कोरायलाही मऊ. साग त्याच्या उलट. सावकाश वाढतो, जड असतो, आणि त्याच्या अंगात वाळूसारखे सिलिकाचे बारीक कण असतात. सागावर काम करणाऱ्या सुताराला पटाशीला वरचेवर धार का लावावी लागते, त्याचं कारण हेच.

तिसरं उत्तर महाराष्ट्राबाहेरचं आहे, पण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हैसूरच्या टिपू सुलतानासाठी 1790च्या दशकात कारागिरांनी एक लाकडी वाघ बनवला. जवळपास पावणेदोन मीटर लांब, म्हणजे उंच माणसाएवढा! हा वाघ जमिनीवर पडलेल्या एका युरोपियन सैनिकाच्या छातीवर बसून त्याच्या मानेचा चावा घेतो आहे. वाघ हे टिपूचं चिन्ह होतं आणि इंग्रजांशी त्याच्या लढाया चालू होत्या, तेव्हा यातला वाघ कोण आणि खाली पडलेला कोण, हे सांगायला नको. नुसता वाघ नव्हे हं! त्याच्या कुशीला एक दांडा आहे. तो फिरवला की आतले भाते हवा सोडतात, वाघ गुरगुरतो, माणूस कण्हतो आणि त्याचा एक हात वर-खाली होतो. वाघाच्या पोटात एक छोटा ऑर्गनही आहे, पट्ट्या असलेला, वाजवता येणारा.

या वाघाचं पोट पोकळ आहे हे लक्षात आलं का? त्याचा फायदा फक्त आवाजाला नाही. जाड ओंडका वाळताना तडकतो. कारण लाकूड वाळलं की आखडतं, पण सगळीकडून सारखं आखडत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. ओंडक्याच्या तोंडावर जी गोल कडी दिसतात, त्यांच्या घेराच्या दिशेने मात्र बरंच, आणि मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मं. घेर आखडायला बघतो, आतलं लाकूड तेवढं आखडत नाही. मग ताण येतो आणि काडकन उभी भेग पडते. आतून पोखरलेल्या लाकडाला हा ताण कमी बसतो. ढोलकीचं खोड कोरून पोकळ करतात ते नादासाठीच, पण तिथेही हा फायदा मिळतोच.

4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू लढताना मारला गेला आणि वाघ इंग्रजांच्या हाती लागला. तो लंडनला गेला आणि आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढचं ऐका. दुसऱ्या महायुद्धात संग्रहालयावर जर्मन बॉम्ब पडला, छत कोसळलं आणि वाघाचे शेकडो तुकडे झाले. लढाई दाखवणाऱ्या लाकडावर खरीच लढाई येऊन पडली! जाणत्या हातांनी ते तुकडे एकेक करून जुळवले. आज वाघ पुन्हा अखंड दिसतो.

चला, परत आपल्या मुळशीला.

तुम्ही मावळात, मुळशीत किंवा महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या गावात गेलात तर देवळाच्या आवारात, एखाद्या झाडाखाली, कोरलेला उभा दगड दिसण्याचा संभव आहे. शेंदूर फासलेला, अर्धा मातीत गेलेला. तो वीरगळ असू शकतो. वीर म्हणजे वीर आणि ‘गळ’ आला आहे कानडीतल्या ‘कल्लु’वरून, म्हणजे दगड. लढताना मेलेल्या वीराचा दगड. तो खालून वर वाचायचा, तीन मजली घर चढावं तसा. तळमजल्यावर लढाई असते, कधी गावच्या गाई पळवणाऱ्यांशी झालेली. मधल्या मजल्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. वरच्या मजल्यावर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो आणि सगळ्यात वर, कोपऱ्यात, सूर्य आणि चंद्र. म्हणजे, सूर्य-चंद्र आहेत तोवर याचं नाव राहो. मुंबईत बोरिवलीला एकसर इथे तर असे वीरगळ आहेत की ज्यांवर चक्क समुद्रातली लढाई कोरली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं एकमेकांवर चालून येताहेत!

सूर्य-चंद्र मेळघाटच्या मुंड्यावर, सूर्य-चंद्र इथल्या वीरगळावर. एक लाकडाचा, एक दगडाचा. मधे कित्येक कोसांचं अंतर. आणि चंद्र तोच.

मग आपल्या भागात शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी वीर आहेत, तसे लाकडी का दिसत नाहीत? पावसाला विचारा. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात काय कोसळतं ते मुळशीच्या मुलांना मी सांगायला नको. लाकडाचे खरे शत्रू दोन, बुरशी आणि वाळवी, आणि दोघींना ओल लागते. लाकडात पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही. उघड्यावर चार महिने भिजणाऱ्या फळीत ते कसं राहणार? वाळवीची तर और तऱ्हा. आपल्याकडच्या वारुळं करणाऱ्या कितीतरी वाळव्यांना लाकूड थेट पचत नाही. त्या लाकूड चावून वारुळात नेतात, त्याचे मऊ थर रचतात आणि त्यावर खास बुरशी वाढवतात. बुरशी लाकूड पचवते आणि वाळवी ते खाते. म्हणजे वाळवी चोर नाही, शेतकरी आहे! माणसाने शेती शोधली त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासूनची शेतकरी.

पण थांबा. लाकूड टिकतच नाही असं मी म्हटलं, तर मावळातले डोंगर मला खोटं पाडतील. लोणावळ्याजवळ कार्ले आणि भाजे इथे लेणी आहेत. चांद्याहून एका दिवसात जाऊन येता येईल इतकी जवळ. तिथल्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहात, उभं राहून मान वर करा. छताला कमानीसारख्या वळवलेल्या लाकडी फासळ्या दिसतील, होडी उलटी करून आतून बघावी तशा. कार्ल्याच्या फासळ्या आहेत सुमारे 2000 वर्षांच्या! भाज्याचं लेणं तर त्याहूनही जुनं, आणि तिथल्या लाकडावर ब्राह्मी लिपीतली अक्षरंही सापडली आहेत. शिवाजी महाराजांच्या आधीचं, यादवांच्याही आधीचं लाकूड, डोक्यावर, जागच्या जागी.

कसं टिकलं? एक तर लाकूड सागाचं. सागाच्या मधल्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं एक रसायन असतं, वाळवीला ते मुळीच आवडत नाही. दुसरं, डोक्यावर डोंगराएवढी दगडी छत्री, पाऊस थेट अंगावर येत नाही. आणि तिसरं, जमिनीपासून इतकं उंच की मातीतून चढणाऱ्या वाळवीला रस्ता लांब पडतो.

आता खरी गंमत. या फासळ्या छताला धरून ठेवत नाहीत. छत एकसंध खडकाचं आहे, त्याला कुणाचाच आधार नको. मग लावल्या कशाला? कारण त्या आधीची देवस्थानं, सभागृहं लाकडाची होती. सभागृह म्हटलं की फासळ्या हव्यातच, अशी लोकांच्या डोळ्यांना सवय. म्हणून दगड कोरणाऱ्यांनी खडकात लाकडी घराची हुबेहूब नक्कल केली, आणि फासळ्या तर खऱ्याच बसवल्या. दगडी कारागिराने धडे गिरवले ते सुताराच्या कामावरून!

भाज्यालाच थोडं बाजूला एक विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याची जागा, आहे. त्याच्या ओसरीत दाराच्या एका बाजूला चार घोड्यांचा रथ कोरला आहे. बरेच अभ्यासक रथातल्या आकृतीला सूर्य मानतात. रथाखाली एक अवाढव्य राक्षस चिरडला जातो आहे. दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा स्वार, आणि हत्तीने सोंडेत एक झाड मुळासकट उपटून धरलं आहे. 2000 वर्षांपूर्वीची ही झुंज आजही बघता येते, कारण ती दगडात आहे. त्या काळी सुतारांनी खांबांवर, दारांवर ज्या लढाया कोरल्या असतील त्या मात्र मातीत मिसळल्या. पण भाज्याच्या घोड्यांकडे बघताना मला उगाच वाटतं, यांना पळायला कुणीतरी आधी सागात शिकवलं असणार.

घरात राहिलेलं लाकूड मात्र अजून भेटतं. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून जुन्या वाड्यांतले कोरीव दरवाजे, खिडक्या, दिवे, अडकित्ते जमवले आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. तिथल्या दरवाजांसमोर जरा खाली वाकून, तिरकं बघा. कोरलेली आकृती कुठे उठावात आहे, कुठे वेगळा तुकडा बसवला आहे, धागे उभे की आडवे, ते आता तुम्हाला ओळखू येईल.

आणि आपला ठोकळा? तो अजून तसाच आहे. पटाशी मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय हातात घ्यायची नाही, हे ठरलेलं. पण आखणी आजच करता येईल. उठावात कोरलं तर भाला आडवा चालेल. सुटा कोरायचा असेल तर भाला उभा धरायला लावा, म्हणजे तोही धाग्यांच्या बाजूने येईल. किंवा भाला वेगळ्या काडीचा करून स्वाराच्या मुठीत बसवा, पिंगुळीच्या हातासारखा.

फक्त एक अडचण आहे. ठोकळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल, काळसर गाठ दिसते आहे. झाडाला तिथे फांदी होती. पुढे खोड जाड होत गेलं आणि फांदीचं बूड आत गिळलं गेलं. तिथे धागे गोल वळसा घालून जातात, लाकूड दगडासारखं कठीण होतं, पटाशी चालतच नाही. ही गाठ काढता येणार नाही, लपवताही येणार नाही.

गोलच आहे, तर तिची ढाल होईल. स्वाराला तेवढा वर सरकवावा लागेल. पण गाठ कोपऱ्यात आहे, थेट वरती, वीरगळावर जिथे असतो अगदी तिथे. आणि गावाचं नाव चांदे आहे. मी असतो तर पटाशी तिला लावलीच नसती, नुसत्या कापडाने घासून घासून चकचकीत केली असती, चंद्र करून.